रामतीर्थनगर ते अनगोळ: खानापूरच्या एका कुटुंबानं बेळगावात दोनदा घर कसं निवडलं

मागच्या दोन वर्षांत माझ्या ताईच्या घरच्यांनी बेळगावात दोनदा भाड्याचं घर शोधलं आणि दोन्ही वेळेला मी सोबत होतो. पहिल्यांदा जे चुकलं त्यात माझाही हात होता, म्हणून जसं झालं तसं सगळं लिहून काढतोय. आमच्या खानापूर तालुक्यातून बेळगावात राहायला यायच्या तयारीत असलेली घरं बरीच आहेत, आणि प्रत्येकजण एकच विचारतो, "कुठला एरिया चांगला?" आम्हीपण तेच विचारत फिरलो होतो. चांगला म्हणजे घरातल्या कुणासाठी चांगला, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरात माणसं पाच. दाजी उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहेत, फर्स्ट शिफ्ट, सकाळी ७ ला पंचिंग. ताई नर्स, नेहरूनगरच्या बाजूला एका हॉस्पिटलात, ड्युटी बदलती, महिन्यातून आठ-दहा नाइट. भाची तेव्हा नुकतीच दहावी झालेली, मराठी माध्यमातून, आणि जीएसएस कॉलेजात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्सला ॲडमिशन मिळालेलं. भाचा सहावीला जाणारा. आणि आजी, म्हणजे दाजींची आई, ७१ वर्षांच्या. गाव नंदगडच्या बाजूला. खानापूर ते बेळगावच २६ किलोमीटर, गावापासून धरलं तर पस्तीस-चाळीस, आणि दाजी बारा वर्षं हे अंतर रोज गाडीवरून जाऊन येऊन करत होते. ताई नाइट असली की तिकडंच मैत्रिणीच्या खोलीवर राहायची, आठवड्यातले तीन-चार दिवस पोरांना आई दिसायची नाही. मग एका पावसाळ्यात पहाटे दाजींच्या गाडीसमोर गवा आडवा आला, गाडी स्लिप झाली, मनगट मोडलं, दीड महिना काम बंद. त्या दीड महिन्यातच ठरलं की आता बेळगाव.

पहिली निवड मे २०२४ ची. आम्ही कॅलेंडरच्या पानामागं काय पाहिजे ते लिहिलं होतं, ते पान अजून माझ्याकडं आहे. दोन बेडरूम, पाणी, ताईचं हॉस्पिटल जवळ, भाडं ९,००० च्या आत, रस्ता मोठा, शांतता. शांतता हा शब्द मी लिहिला होता, भाचीच्या अभ्यासासाठी म्हणून.

ताईचं हॉस्पिटल जवळ पाहिजे यात चूक काहीच नव्हती. बाईमाणूस रात्री ९ ला ड्युटी सुटल्यावर एकटी येणार, पहाटे एकटी जाणार, हा विचार सगळ्यात आधी यायलाच पाहिजे. म्हणून शहराचा उत्तरेकडचा भाग बघितला, सह्याद्रीनगर, शाहूनगर, महांतेशनगर, आणि शेवटी रामतीर्थनगरला घर ठरलं. बुडाचं (शहर विकास प्राधिकरणाचं) लेआउट, रस्ते सरळ आणि रुंद, हवा भरपूर, पुणे-बेंगळूर हायवे जवळ. ८,५०० भाडं, ५०,००० डिपॉझिट, वरचा पूर्ण मजला, दोन बेडरूम, मोठी गच्ची. घरमालक अतिशय सज्जन. गावाकडचे लोक बघायला आले की म्हणायचे, "काय घर मिळालंय गा!" आणि आम्हालाही तसंच वाटत होतं.

आता हिशोब. ताईला स्कूटीवरून हॉस्पिटल दहा मिनिटं. (स्कूटी ती तिथंच शिकली, त्या मोकळ्या रस्त्यांवर, वयाच्या ४१ व्या वर्षी, याचं मला आजही कौतुक वाटतंय.) पण बाकी तिघांचं सगळं दक्षिणेला. दाजींचं उद्यमबाग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दहाएक किलोमीटर, मधे चन्नम्मा सर्कल, काँग्रेस रोड आणि तिसरं रेल्वे गेट. तिसऱ्या गेटवर आता उड्डाणपूल झालाय, तरी सकाळी-संध्याकाळी शहराच्या पोटातून जायचं ते जायचंच. भाचीचं कॉलेज टिळकवाडीत, संध्याकाळचे क्लासही टिळकवाडीत. भाच्याची शाळापण टिळकवाडीत, कारण दाजींचा हट्ट होता की पोरगं तिथल्याच मराठी शाळेत जाईल. म्हणजे पाचातल्या एकीसाठी घर जवळ, तिघांसाठी लांब. आणि पाचवं माणूस कुठंच जात नव्हतं, त्यामुळं त्याचा हिशोब आम्ही केलाच नव्हता.

पैशाचं आधी सांगतो. दाजींचे रोज वीस किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे ५२० किलोमीटर, गाडी ४५ चं ॲव्हरेज देते, साडेअकरा लिटर पेट्रोल, जवळजवळ १,२०० रुपये. भाच्याची व्हॅन १,६००. भाचीचं तिकीट नाही, कारण जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण तिचा वेळ फुकट नव्हता. घरापासून सीबीटी, म्हणजे शहराचा मुख्य बसस्टँड, तिथं बस बदलायची, मग टिळकवाडी, कधी ५० मिनिटं तर कधी सव्वा तास. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना पीयूसीचं पहिलं वर्ष किती जड जातंय हे ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच ठाऊक, फिजिक्स-केमिस्ट्रीचा प्रत्येक शब्द नवा, वर्गात सगळं इंग्लिशमधून. त्यात साडेसातला क्लास सुटणार आणि नऊला घर. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतंय, तेव्हा मोर्चे, बंदोबस्त, रस्ते वळवलेले, एकदा ती पोर दहाला घरी पोचली. वर्षाच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत तिचं वजन चार किलो उतरलं होतं.

म्हणजे तीन खोल्यांच्या भाड्यात पाच खोल्या मिळाल्या म्हणून खूश होतो, तो फायदा पेट्रोल आणि व्हॅनमध्ये गेला, आणि दाजींचा, भाचीचा, भाच्याचा मिळून दिवसाला साडेचार-पाच तास रस्त्यावर जायला लागले. पण हे सगळं सोसलं असतं. बेंगळूर-पुण्यात लोक याच्या दुप्पट प्रवास करतात असं दाजी म्हणायचे आणि गप्प बसायचे.

खरं कळलं ते आजींमुळं.

आजी गावात असताना दिवसभर घरात कधी नसायच्या. सकाळी परड्यात, मग शेजारी, दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर तांदूळ निवडत, संध्याकाळी देवळात हरिपाठ. आमच्याकडं वारकरी वातावरण आहे, गावोगावी पारायण, दिंडी, आजींचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. रामतीर्थनगरला त्या वरच्या मजल्यावर. जिना उतरायला भीती वाटायची. खाली उतरल्या तरी दुपारी रस्त्यावर माणूस नाही, सगळी घरं नोकरदारांची, गेटं बंद. शेजारच्या अक्का फार चांगल्या होत्या, गेटमधून रोज हाक मारायच्या, "ऊटा आतेन्री, अज्जी?" (जेवण झालं काय, आजी?) आणि आजी मान डोलवून हसायच्या. एवढंच. आजींना कन्नड येत नाही, अक्कांना मराठी मोडकंतोडकं यायचं. दोघी एकमेकींना भाजी द्यायच्या, शेवग्याच्या शेंगा, होळगी, सणाला ताट, पण बोलायचं काय आणि कसं? माणसं वाईट होती म्हणून आजी एकट्या पडल्या असं अजिबात नाही, उलट इतकी चांगली माणसं असून एकट्या पडल्या, म्हणून ते जास्त लागतंय.

मी एकदा दुपारी अचानक गेलो. तीन वाजले होते. आजी गच्चीत भिंतीला टेकून बसलेल्या, समोर कपडे वाळत घातलेले. मी म्हटलं, "काय आजी, काय करायलाय?" तर म्हणाल्या, "काय करू बाळा, सकाळपास्नं आता तुझ्याशीच पयलं तोंड उघडलंय." ते ऐकून मला खरंच बसवेना. सकाळी साडेसहाला दाजी जायचे, आठपर्यंत पोरं, मग ताई एकतर ड्युटीवर नाहीतर नाइट करून आल्यामुळं झोपलेली. अकरा महिन्यांत आजींचं बीपी वाढलं, जेवण कमी झालं, आणि दिवाळीनंतर त्यांनी धोशा लावला, "मला गावाला सोडा, मी एकटी राहीन." गावात एकटी म्हणजे गळणाऱ्या घरात, गुडघे धरलेले, रात्री कोण बघणार. ताई त्या दिवशी रडली. मी लिहिलेली शांतता ती हीच.

दुसरी निवड मार्च-एप्रिल २०२५. ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं होतंच, ते रिन्यू करायचं नाही असं ठरलं. या वेळी कॅलेंडरच्या मागं आम्ही घराचं काही लिहिलं नाही, माणसांचं लिहिलं. प्रत्येकाच्या नावापुढं तो किती वाजता निघतो, कुठं जातो, कसा जातो, आणि घरी असतो तेव्हा काय करतो. आजींच्या नावापुढं काय लिहायचं ते त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "खालचं घर. आन् बोलायला कुणीतरी."

मग मी आणि दाजी चार रविवार फिरलो.

टिळकवाडी आधी बघितली, कारण सगळ्यांना तीच सोयीची. कॉलेज, शाळा, क्लास, गोवावेस आणि आरपीडीचे चौक, मराठी वातावरण, सगळं चालत. पण भाडं दोन खोल्यांना १३,००० च्या पुढं, आणि तीन ठिकाणी पहिलाच प्रश्न, "नॉनव्हेज करता काय?" आमच्या घरी रविवारी मासे होतात, खोटं बोलून घर घ्यायचं नव्हतं. घर त्यांचं, नियम त्यांचे, मान्य. पण दाजींचं तोंड पडलेलं मी बघितलंय, स्वतःच्याच भाषेच्या माणसांत उभं राहून आपण चालत नाही असं ऐकायला लागणं वेगळंच लागतंय.

शहापूर-वडगाव मला मनापासून आवडलं. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तिथल्या पेठा-गल्ल्यांना अजून आपला वेगळा तोल आहे. वडगाव-खासबागला विणकरांची वस्ती, घराघरात माग, गल्लीत शिरलं की खटखट खटखट, बायका कट्ट्यावर बसून कांड्या भरतायत, कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी दोन्ही एकाच वाक्यात. आजींना इथं एक दिवस लागला नसता मिसळायला. मंगाई देवीची यात्रा आषाढात, आजींना ते आधीपासून माहीत. भाडं ६,५००. एक घर तर जवळजवळ पक्कं केलं होतं, शेताच्या कडेला, नवं बांधलेलं. पण तिथं शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दाजींना बाजूला नेऊन आपल्या गोठ्याची भिंत दाखवली, २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ, माझ्या मांडीला लागेल एवढी वर. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की त्या बाजूच्या शिवारात पाणी पसरतंय, दरवर्षी भातं पाण्याखाली जातात, आणि नवीन घरं नेमकी त्याच कडेला सरकायलीत. त्या काकांचे आम्ही कोण लागत होतो? पण सांगितलं त्यांनी. म्हणून आता मी प्रत्येकाला सांगतो, एप्रिलमध्ये घर बघताना आजूबाजूला म्हातारं माणूस शोधा आणि जुलैचं विचारा. गावठाणातल्या उंच गल्लीत एक घर होतं, पण दोन्ही बाजूंना यंत्रमाग, भाचीला तिथं अभ्यास जमला नसता.

पिरनवाडी-मच्छे स्वस्त होतं, गावच्या वाटेवर, खानापूरची बस दारात, दाजींना उद्यमबाग पाच-दहा मिनिटं. पण ताईला नेहरूनगर म्हणजे पुरं शहर ओलांडायचं, तेही नाइटला, ते आम्ही पहिल्याच दिवशी सोडलं. त्याच बाजूला एका एजंटानं दाजींना भाड्यापेक्षा प्लॉटच घ्या म्हणून गळ घातली, २० बाय ३० चा, बाँडवर. शेतजमीन एनए न करता तुकडे पाडलेले, रजिस्ट्री होत नाही, बँक लोन देत नाही, नुसता स्टॅम्प पेपर हातात, आणि उतारा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर. त्यात कागद सगळा कन्नडमध्ये. दाजींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. बारा वर्षांची बचत अशा कागदावर जायला एक दुपार पुरते. मी हात जोडून त्यांना तिथनं काढलं. ज्यांना घ्यायचंय त्यांनी घ्यावं, पण आधी कन्नड वाचता येणाऱ्या, आपल्या बाजूच्या वकिलाला तो कागद दाखवून.

गणेशपूर-हिंडलगा एकदा धावतं बघितलं, हवा छान, पण पुन्हा सगळंच लांब. भाग्यनगर चांगलं, पण खालच्या मजल्याचं घर आमच्या बजेटमध्ये मिळेना.

आणि मग अनगोळ. अनगोळ हे मुळात गावच, शहर येऊन त्याला चिकटलं. अरुंद गल्ल्या, दारात म्हशी, पहाटे दुधाच्या किटल्या, मंडळांचे बोर्ड, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या गप्पा महिनाभर आधीपासून. घर ७,५०० चं, डिपॉझिट ४०,०००, खालचा मजला, एक बेडरूम, हॉल, किचन, मागं न्हाणी आणि एक तुळस. रामतीर्थनगरच्या मानानं निम्मं. कपाट हॉलमध्ये ठेवायला लागलं, भाचा दिवाणवर झोपतोय.

पाण्याचं इथं नीट विचारून घेतलं. बेळगावात घर बघताना "पाणी येतंय काय" असं विचारू नका, "किती दिवसांनी येतंय आणि किती तास" असं विचारा. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी आहे, २००८ पासून ५८ पैकी १० वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना झाली, बाकी ठिकाणी अजून पाइप पडायलेत, त्यामुळं एका गल्लीत टाकी लागत नाही आणि पुढच्या गल्लीत पिंपं भरून ठेवायला लागतात. आमच्या घराला चार-पाच दिवसांनी नळ, पण मागच्या बाजूला सामायिक विहीर आहे, जुनी, दगडी, उन्हाळ्यातही पाणी होतं, ते दाजींनी स्वतः वाकून बघितलं.

एक अडचण लक्षात ठेवा, भाड्याचं घर बदलताना गृहज्योतीचं (कर्नाटक सरकारच्या मोफत वीज योजनेचं) वीजबिल जुन्या आरआर नंबरवरून, म्हणजे वीज जोडणीच्या नंबरवरून, डी-लिंक करून नव्याला जोडायला लागतंय. आमच्याकडनं ते राहिलं आणि दोन महिने पूर्ण बिल भरलं.

आता एक वर्ष होऊन गेलं. दाजी चौथ्या गेटातनं उद्यमबागला दहा मिनिटांत, गेट पडलेलं असलं तर वीस. दुपारी साडेतीनला सुटले की चारला घरी, भाच्याचा अभ्यास घेतात, हे पूर्वी कधीच नव्हतं. भाची सायकलनं कॉलेजला जाते, क्लास सुटल्यावर मैत्रिणींसोबत सायकलवरूनच आठच्या आत घरी. दुसऱ्या वर्षाला तिचे मार्क सुधारले, ते फक्त घरामुळं असं मी म्हणणार नाही, पोरगी राबली. पण जेवून झोपायला तिला वेळ मिळाला एवढं नक्की.

आजी. आजी पहिल्या आठवड्यात काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर घराला कडी, आजी समोरच्या घरात, चार बायकांच्यात बसून लसूण सोलायलेल्या. संध्याकाळी देवळात भजनाला जातात, एकादशीला साबुदाणा स्वतः करून नेतात. समोरच्या काकूंचं माहेर खानापूर तालुक्यातलंच निघालं, मग तर काय, अर्धं गाव ओळखीचं. बीपीची गोळी चालूच आहे, गुडघे दुखतातच. पण गावाला सोडा हा विषय निघालेला नाही. मी विचारलं, "रामतीर्थनगरच्या अक्का आठवतात काय?" तर म्हणाल्या, "आठवतंय की. लई मायाळू बाई." संक्रांतीला आजींनी हट्ट करून त्यांच्याकडं तिळगूळ पाठवला, दाजी स्वतः जाऊन देऊन आले.

पण या सगळ्याची किंमत ताईनं दिली, आणि हे लिहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. तिची दहा मिनिटं होती, ती आता पाऊण तास झाली. स्कूटीवरून टिळकवाडी, गोगटे सर्कल, चन्नम्मा, आणि पुढं नेहरूनगर, पावसात रेनकोट घालून. रात्री ९ ची ड्युटी सुटणार असली की दाजी आणायला जातात, म्हणजे सकाळी ७ ला पंचिंग असलेला माणूस रात्री दहाला परत येतोय. नाइट करून सकाळी येताना तिला डोळे उघडे ठेवायला त्रास होतो, एकदा तिनं गाडी कडेला लावून अर्धा तास एका दुकानाच्या पायरीवर बसून काढला, आणि हे तिनं मला सहा महिन्यांनी सांगितलं. आता नाइटला ती जाताना-येताना बसच धरते, सीबीटीला बदलून, तास लागला तरी चालेल म्हणते. पहिल्या घरात तिची सोय बघितली आणि आजी सुकल्या, दुसऱ्या घरात आजींची, पोरांची, दाजींची सोय बघितली आणि ताई दमायली. दुसरी निवड बरोबर होती असं मी आजही म्हणेन, पण कुणी मला ती सगळ्यांसाठी बरोबर होती काय असं विचारलं तर मी ताईकडं बघून हो म्हणू शकणार नाही. मधली जागा, कॅम्प-खडेबाजारच्या आसपास, जिथनं सगळ्यांना सारखंच अंतर पडलं असतं, तिथं आम्ही नीट शोधलंच नाही, गर्दी आहे, पार्किंग नाही म्हणून आधीच सोडून दिलं. ते बघायला पाहिजे होतं.

मागच्या आठवड्यात घरमालकांनी भाडं ५०० नं वाढवायचं सांगितलं, नवीन ॲग्रीमेंट करायचं होतं. भाचीची पीयूसी झाली, पुढचं कॉलेज कुठं मिळतंय त्यावर तिची दिशा बदलणार. दाजींनी परत कॅलेंडरचं पान काढलं, सगळ्यांची नावं लिहिली, आणि पेन ताईच्या हातात दिला. तिनं आपल्या नावापुढं वेळा लिहिल्या, घरातनं निघायची, परत यायची, आणि खाली झोपायची वेळ, जी आधीच्या दोन्ही पानांवर कुणीच लिहिली नव्हती. आजींनी ते वाचून घेतलं माझ्याकडनं. मग म्हणाल्या, "ह्या खेपेला हिच्या बाजूला बघूया. फक्त खालचं घर बघा, आन् कट्टा असलेलं." उद्या रविवार आहे, मी आणि दाजी सकाळी ८ ला निघतोय, या वेळी ताईपण सोबत आहे.